हिरवा कोपरा

१

रविवारी सकाळी साडेसातला मी विहिरीत वाकून पाहिलं, तेव्हा सगळे मासे मेलेले होते.

ते बोटाच्या पेराएवढे मासे मामाने दोन वर्षांपूर्वी सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. रोज मी कठड्यावरून वाकले की माझी सावली पाण्यावर पडायची आणि ते एकदम चहूकडे पसरायचे, कुणीतरी मूठभर टाचण्या फेकाव्यात तसे. त्या दिवशी सावली पडली आणि काहीच झालं नाही. पाण्यावर नुसती पांढरी पोटं. वारा आला की सगळी एकाच बाजूला सरकायची.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. माझा! मामा मला 'भोंगा' म्हणतो. गेल्या वर्षीपर्यंत तोच मला 'मुकी मैना' म्हणायचा, कारण वर्गात हजेरी देतानाही मी घाबरायचे. मग यंदा विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. आमच्या शेताच्या एका कोपऱ्यात फुटक्या फरशीभोवती गवताची काडी उगवत नव्हती, तिथे मी तीन महिन्यांत कमरेएवढा मका उभा केला. शाळेच्या फलकावर फोटो लागला: मी त्या फरशीवर पाय ठेवून उभी, जणू वाघ मारलाय. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आईचं म्हणणं.

पण त्या सकाळी ते बंद होतं. कारण डोक्यात एकच गोष्ट आली. चिमणी.

चिमणी म्हणजे माझी बहीण, वय वर्षं सहा. उठल्या उठल्या तिने दोन ग्लास पाणी मागितलं होतं. याच विहिरीचं. ते मीच दिलं होतं.

मी घराकडे धावले. चिमणी पायरीवर बसली होती. फ्रॉकवर उलटी झाली होती आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी मुद्दाम नाही केलं."

२

डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय, संध्याकाळपर्यंत उतरेल. उतरलंही. पण जाताना ते म्हणाले, "लक्ष ठेवा." आता लक्ष ठेवा म्हणजे काय करायचं? मी आठवडाभर तिचा श्वास मोजत होते. ती हसली तरी मला धडकी भरायची.

बाबांनी विहिरीवर पत्रे टाकून साखळी लावली. घराला आणि गोठ्यातल्या अकरा गाईंना पाणी टँकरने येऊ लागलं. विहिरीच्या पाण्याची बाटली मावशीकडे गेली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. माती आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि बोलायला पैसे पडतात असं समजते. शनिवारी दुपारी ती कागद घेऊन स्वतःच आली, तेव्हाच मला कळलं की बातमी चांगली नाही.

"कीटकनाशक आहे," ती म्हणाली. "फार थोडं. माणसाला लगेच काही व्हायचं नाही, पण माशांना पुरेसं. बागेवर पूर्वी मारायचे ते. आता त्यावर बंदी आहे."

बाबा उठले आणि शेडकडे गेले. आम्ही सगळे मागे. ही जमीन पाच वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या आजोबांकडून घेतली. तेव्हा इथे त्यांची फळबाग होती, म्हणून सगळे त्यांना अजून 'बागवाले' म्हणतात. त्यांची उरलेली औषधं शेडमधल्या लोखंडी कपाटात तशीच राहिली होती. कपाटाच्या दारावर आतून खडूने '४' असं लिहिलेलं. बाबांनी दार उघडलं.

डबे तीन होते, तिन्ही सीलबंद.

धुळीत एक गोल रिकामा डाग होता, चौथ्या डब्याच्या बुडाएवढा.

"किल्ली कुणाकडे असते?" बाबांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. किल्ली मामाकडे असते.

मामा दारात उभा होता. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, तीन वर्षं आमच्याकडे राहून गोठा सांभाळणारा. "भाऊजी," तो म्हणाला, "मी विहिरीत काही टाकलं नाही."

"मग डबा कुठे आहे?"

मामा कपाटातल्या त्या गोल डागाकडे बघत राहिला.

"अरे, बोल ना!" आई म्हणाली.

"ताई, ते नको विचारूस."

बाबांचा आवाज अगदी हळू झाला. ते ओरडतात तेव्हा मला भीती वाटत नाही, हळू बोलतात तेव्हा वाटते. "पंधरा दिवसांपूर्वी तू मला काय म्हणाला होतास? शहरातल्या नोकरीला मी नको म्हटलं तेव्हा? या विहिरीचं पाणी पुन्हा तोंडाला लावणार नाही, असं म्हणालास. आणि तसंच केलंस. विकतच्या बाटल्या आणत होतास. आम्ही पीत होतो. माझी सहा वर्षांची पोर पीत होती."

हे खरं होतं. बाटल्या मीही पाहिल्या होत्या.

"उद्या दुपारी चारपर्यंत वेळ देतो," बाबा म्हणाले. "त्यानंतर मी पोलिसांत तक्रार करणार. मग तू माझा मेहुणा नाहीस आणि मी तुझा कुणी नाही."

३

"चल," मावशी मला म्हणाली. "तुझं तोंड चालतं, माझं चालत नाही. तू विचार, मी ऐकते."

एरवी मी आनंदाने उडीच मारली असती. पण पहिला माणूस मामा होता. त्याने मला सायकल शिकवली, पाढे शिकवले, भाषण करताना समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समज, हेही त्यानेच शिकवलं.

तो गोठा धूत होता. आमच्याकडे दिवसातून दोनदा गोठा धुतात, सकाळी आठला आणि दुपारी साडेतीनला. शेण, मूत, सांडलेलं दूध, दूध काढायच्या यंत्राचा साबण, सगळं पाणी उतारावरून हौदात जातं आणि तिथून पाइपने शेतात, यंदा माझ्या मक्याला. मामा खराट्याने पाणी लोटत होता आणि मी दारातच थांबले, त्याच्यापासून चार हात लांब. आयुष्यात पहिल्यांदा. ते त्याच्या लक्षात आलं. त्याने खराटा बाजूला ठेवला आणि आपले दोन्ही हात मागे घेतले, जणू ते मला दिसू नयेत.

"मामा, बाटल्या का आणत होतास?"

"रागाने. मी बोललो होतो ना. बोललेलं गिळायला मला लाज वाटते." तो जरा हसला. "आणि खरं सांगू? पाण्याला चव नव्हती बरोबर. मला वाटलं, माझ्याच जिभेला तसं लागतंय."

"केव्हापासून?" मावशीने पटकन विचारलं.

"महिना झाला असेल. ग्लासात ओतलं की वर बारीक फेस यायचा. रंगही जरा पातळ चहासारखा."

मावशीने मान हलवली.

"आणि डबा?" मी विचारलं.

"शब्द दिलाय गं एकाला."

"कुणाला?"

"भोंग्या, ते सांगितलं तर शब्द कसला?"

मला त्याला मिठी मारायची होती, आणि त्याच वेळी मनात येत होतं: गोड बोलणारी माणसंच असं करतात का? त्या दिवशी मी त्याने ओतलेलं दूध प्यायले नाही. चिमणीलाही पिऊ दिलं नाही. कप मोरीत ओतताना तो बघत होता.

४

बागवाले आजोबा आमच्या बांधाला लागूनच राहतात. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"विहिरीबद्दल ना? मला काही माहीत नाही," ते म्हणाले. आम्ही काही विचारायच्या आधीच!

"आजोबा," मी म्हटलं, "विहीर तुम्ही खोदलेली. ती विकावी लागली म्हणून तुम्ही बाबांशी दोन वर्षं बोलत नव्हतात."

"म्हणून विष घालीन? त्या विहिरीच्या प्रत्येक दगडाला माझा घाम लागलाय, पोरी!"

"मग तुम्ही का थरथरताय?"

आजोबांच्या मागे अंधारी खोली होती आणि आत कसला तरी उग्र वास येत होता. मावशीने हलकेच दार ढकललं. दाराच्या चौकटीवर वाळवीच्या मातीच्या रेघा वरपर्यंत चढल्या होत्या. खाली रॉकेलची बाटली, फडकं, आणि त्याच्या शेजारी...

डबा. चौथा.

मी इतकी जोरात ओरडले की आजोबांनी कान झाकले.

"अगं, हळू! वाळवीसाठी मागून आणला," ते जवळजवळ रडत म्हणाले. "बंदी आहे हे नंतर कळलं. मग उघडायचीही भीती आणि परत द्यायचीही. तुझ्या मामाला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून. म्हातारपणी तुरुंग नको गं मला. रॉकेलवरच भागवतोय."

मावशीने डबा उचलला आणि उजेडात फिरवला. झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं. बोटाने दाबून पाहिलं, वजन पाहिलं. भरलेला.

मला केवढा आनंद झाला! मामा सुटला! मी धावत सुटणार होते, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

"थांब. इकडे भरलेला, तिकडे तीन भरलेले. चारही बंद." तिने माझ्याकडे पाहिलं. "मग विहिरीत आलं कुठून?"

तोपर्यंत निदान एक डबा होता, एक माणूस होता. आता डबाही नव्हता आणि माणूसही नव्हता. विष मात्र होतं.

५

बाबांना हे पटलं नाही. "चार सापडले म्हणजे पाचवा नव्हताच कशावरून?" ते मावशीला म्हणाले. "तुझा भाऊ आहे तो. तू त्याला वाचवणारच."

"चार वाजायचे आहेत, भाऊजी," मावशी एवढंच म्हणाली.

रविवारी जेवणं झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. एक, औषध आहे, पण डब्यात त्याच्याबरोबर जे तेलकट द्रव घातलेलं असतं त्याचा मागमूस नाही. दोन, निम्म्याहून जास्त औषध मोडलेल्या रूपात आहे, आणि तसं व्हायला मातीत वर्षं जावी लागतात. तीन, सोबत एका तणनाशकाचा अंश आहे.

"ते तणनाशक तर कपाटात नव्हतंच," मी म्हटलं.

"नव्हतं."

"म्हणजे कुणी डब्यातून ओतलंच नाही. हे जुनं आहे. आधीपासून कुठेतरी होतं."

"पुढे?"

पुढे माझं डोकं चालेना. चालेना म्हणजे, एका दाराशी जाऊन परत येत होतं.

मावशीने प्लास्टिकच्या तीन बाटल्या मधून कापल्या, वरचे भाग उलटे करून गाळण्यांसारखे बसवले, तोंडाला फडकं बांधलं. "दोन गाळण्यांत एकाच जागेची माती हवी. तिसरीत घराच्या दारापुढची."

"ती एकच जागा कुठली?"

"तुझा फोटो काढला तिथली."

मी खुरपं घेऊन गेले. मका वाऱ्याने सळसळत होता, माझ्या खांद्याला लागत होता. हिरवागार, शेतातला सगळ्यात हिरवा. विहीर तिथून वीस पावलांवर. मी ती वीस पावलं पूर्वी कधी मोजली नव्हती. त्या दिवशी मोजली.

फुटक्या फरशीपाशी मी बसले, तर आजोबा बांधापलीकडून बघत होते. "तिथे काय उकरतेस? ती आमची पंप धुवायची जागा," ते म्हणाले. "औषध कालवायचं तिथे, फवारून आलं की पंप खळबळून ओतायचा तिथेच. वीस वर्षं. म्हणून तर गवत येत नव्हतं. तू मका कसा काय पिकवलास, कमाल आहे!"

मी खाली बघत खुरपं चालवत राहिले.

६

पावणेचारला सगळे विहिरीपाशी जमले. बाबांच्या हातात फोन. मामाच्या खांद्याला बॅग. आईने चिमणीला कडेवर घेतलं होतं, एवढी मोठी पोर, तरी खाली सोडत नव्हती. आजोबा डबा पोटाशी धरून आले होते.

कठड्यावर तीन बरण्या होत्या. पहिलीत कोपऱ्यातल्या मातीतून गाळलेलं टँकरचं साधं पाणी. दुसरीत त्याच मातीतून गाळलेलं गोठ्याचं पाणी. तिसरीत दारापुढच्या मातीतून गाळलेलं गोठ्याचं पाणी. तिन्हींत मावशीने जुन्या टायरमधल्या डासांच्या दहा-दहा अळ्या अर्ध्या तासापूर्वी सोडल्या होत्या.

"हा काय पोरखेळ?" बाबा म्हणाले.

मावशीने बरण्या माझ्यापुढे सरकवल्या. ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला समजलं की तिला हे कालपासून माहीत आहे, आणि ती माझी वाट बघतेय.

मी वाकले. पहिली बरणी: अळ्या वळवळत होत्या. तिसरी: पाणी काळपट, फेसाळ, घाणेरडं, आणि अळ्या मजेत. डासांना घाणीचं काय वावडं! दुसरी: तसंच पातळ चहासारखं पाणी, तसाच बारीक फेस. आणि बुडाशी दहा अळ्या सरळ पडलेल्या. मी बरणी हलवली. हलल्या नाहीत.

"बोल, भोंग्या," मामा हळूच म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो फक्त मला धीर देत होता. पोलीस येणार होते त्याच्यासाठी, आणि धीर मला!

"मामाने काही केलं नाही," मी म्हटलं. समोर कोबीचे गड्डे नव्हते, माझी माणसं होती. "मी केलंय."

आईने "काय?" म्हटलेलं मला अजून ऐकू येतं.

"फरशीपाशी वीस वर्षं औषध सांडलंय. ते मातीला घट्ट चिकटून बसलं होतं. पावसाने हललं नाही, हे पहिल्या बरणीत दिसतं. गोठ्याच्या पाण्याने एकट्याने अळ्या मरत नाहीत, हे तिसरीत दिसतं. पण ते पाणी त्या मातीतून गेलं की..." मी दुसरी बरणी वर धरली. "शेणामुतातलं जे विरघळलेलं असतं, ते औषधाला धरतं. त्यात यंत्राचा साबण. औषध मातीला सोडतं आणि पाण्याबरोबर खाली जातं. मी तीन महिन्यांहून जास्त सगळं पाणी तिथे सोडलं, रोज दोनदा. पूर्ण शेतात पसरायचं पाणी एका कोपऱ्यात. विहिरीपासून वीस पावलांवर."

"पण तिथे तर मका आला," बाबा म्हणाले. "विष असतं तर मका कसा आला?"

हे दार. याच दाराशी मी दिवसभर जाऊन परत येत होते.

"म्हणूनच आला, बाबा. तणनाशक तिथून गेलं म्हणून आला. कोपरा हिरवा झाला, कारण जे होतं ते सगळं खाली गेलं."

वारा पडला होता. आणि त्या शांततेत आम्हाला सगळ्यांना एकदम ऐकू आलं.

सुळसुळ. सुळसुळ. मक्यातून.

साडेतीनचा गोठा मामाने धुतला होता, नेहमीसारखा. हौद भरला होता. पाइप चालू होता. आम्ही विहिरीपाशी उभं राहून विष कुणी घातलं यावर भांडत होतो, आणि ते त्या क्षणीही आमच्या पायांखालून विहिरीकडे चाललं होतं.

मी धावले. मक्याची पानं गालाला कापत गेली. पाइपचा कॉक घट्ट होता, माझ्या दोन्ही हातांनी फिरेना. मागून एक हात आला. मामाचा. आम्ही दोघांनी मिळून तो बंद केला. पाणी थांबलं. जमीन तरी बराच वेळ बुडबुडे काढत पीत राहिली.

परत आलो तेव्हा बाबा कठड्यावर बसले होते. फोन शेजारी पालथा पडलेला. "पाइप तू नव्हता उचलला," ते मला म्हणाले. "तुला उचलला असता का? मीच नेऊन ठेवला तिथे." मग मामाकडे वळले, पण त्याच्याकडे बघवेना त्यांना. "बॅग ठेव खाली. चिमणी भुकेली असेल. तू दूध दे तिला."

मामाने दूध आणलं. आधी मी प्यायले, अर्धा कप, एका दमात, त्याच्याकडे बघत. जीभ भाजली.

७

मावशीने सगळ्यांना बजावलं की प्रत्येक औषध असं वागत नाही, प्रत्येक मातीही नाही. काही औषधं शेणाच्या पाण्याने उलट लवकर मोडतात. "पण आधी मातीला विचारायचं, तुझ्या पोटात काय आहे," ती म्हणाली. तिच्या मानाने हे भाषणच होतं. चारही डबे तिने नियमाप्रमाणे जमा करायला नेले. तुरुंग नाही म्हटल्यावर आजोबांनी डबा तिच्या हातात अक्षरशः कोंबला.

मका आम्ही हातमोजे घालून उपटला. गाईंना घातला नाही. गोठ्याचं पाणी आता दूरच्या वावरात पसरून सोडतो, तिथली माती तपासल्यावर. विहीर किती दिवसांनी स्वच्छ होईल, असं बाबांनी विचारलं. मावशी म्हणाली, दर महिन्याला बाटली पाठवा. किती महिने, ते तिने सांगितलं नाही.

सोमवारी मी बाईंकडून माझी प्रकल्पाची वही परत मागितली. शेवटच्या पानावर 'निष्कर्ष' असं लाल शाईने अधोरेखित केलेलं, आणि खाली माझ्या टपोऱ्या अक्षरात: ओसाड कोपरा हिरवा झाला. मी ते खोडलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. त्याच्या खाली मी सगळं लिहिलं, मासे, फेस, तीन बरण्या, वीस पावलं. मग वर्गात उभी राहून वाचून दाखवलं. बाईंनी मध्ये दोनदा चष्मा पुसला. फलकावरचा फोटो मीच काढून आणला.

संध्याकाळी चिमणी म्हणाली, "ताई, पाणी."

पाणी टँकरचं होतं, तपासलेलं. मी ग्लास भरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. रंग नव्हता. फेस नव्हता. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवला.

"दे ना," ती म्हणाली. "किती बघतेस?"

मी एक घोट प्यायले. शंभर आकडे मोजले. मग तिला दिला.